इंकजेट मुद्रणाची शाई आणि सोलापुरी टॉवेल : घटकयोजनेचा विचार

पाण्याच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांनी उमटलेली तारीख आपण नित्य पाहतो. ती छापताना बाटलीला कोणताही ठसा स्पर्श करीत नाही. सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडलेले शाईचे थेंब हवेतून येऊन तिच्यावर पडतात, एवढेच घडते. इंकजेट मुद्रण या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती आता कागद व प्लॅस्टिक यांच्या पलीकडे जाऊन कापडाच्या छपाईतही रूढ झाली आहे. यंत्राविषयी पुष्कळ लिहिले जाते. शाईविषयी मात्र तिचे उत्पादक फारसे बोलत नाहीत, आणि ग्राहकही ती तयार वस्तू म्हणून स्वीकारतो. वस्तुतः या पद्धतीतील रसायनशास्त्र बव्हंशी शाईतच साठविलेले असते. सोलापुरात विणल्या जाणाऱ्या सुती टॉवेलावर या पद्धतीने छपाई करावयाची झाल्यास शाईची घटकयोजना कोणत्या तत्त्वांवर करावी, या एकाच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सोलापूरची ख्याती मुख्यतः चादरीची. परंतु चादरीची नक्षी ही रंगविलेल्या सुतातून जॅकार्ड मागावर विणली जाते. ती कापडाच्या अंगातच असते. तिच्यावर छपाई करणे म्हणजे तिचे वैशिष्ट्यच पुसणे होय. टॉवेलाची गोष्ट वेगळी. १८७७ साली सुरू झालेल्या ‘जुन्या गिरणी’पासून चालत आलेली येथील गिरण्यांची परंपरा आज संपुष्टात आली असली, तरी यंत्रमागांवर टेरी टॉवेलांचे उत्पादन चालू आहे. थोड्या नगांची, वारंवार बदलणाऱ्या नक्षीची मागणी आली असता प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी तयार करणे लहान कारखानदारास परवडत नाही. इंकजेट पद्धतीत जाळी लागत नाही. म्हणून हा प्रश्न येथे केवळ जिज्ञासेचा राहत नाही.

१. थेंबाच्या अपेक्षा

द्रवाची धार अखंड न राहता थेंबांत का तुटते, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७८ च्या सुमारास मांडले. धारेवर उमटणाऱ्या लहरींपैकी जिची लांबी धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट असते ती सर्वांत वेगाने वाढते आणि पृष्ठताणाच्या योगे धार तिथे तुटते. याच तत्त्वाचा उपयोग करून एल्मक्विस्ट यांनी वैद्यकीय आलेख काढणारे जे उपकरण सिद्ध केले, त्याचे अमेरिकन एकस्व १९५१ चे आहे. कापडाच्या छपाईत मात्र आज प्रामुख्याने वापरले जाते ते निराळे मुद्रणशीर्ष : विद्युत्‌दाबाने आकार बदलणारा स्फटिकद्रव्याचा पडदा शाईला क्षणिक धक्का देतो आणि मागणीनुसार एकेक थेंब बाहेर टाकतो.

असा थेंब नीट सुटण्यासाठी श्यानता, पृष्ठताण व घनता या तीन गुणधर्मांचा मेळ बसावा लागतो. १९३६ मध्ये ओनेसॉर्ग यांनी सुचविलेला निर्मितिक अंक येथे उपयोगी पडतो. घनता, पृष्ठताण व छिद्राचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याने श्यानतेस भागले असता हा अंक मिळतो. त्याचे व्यस्तमूल्य साधारणपणे १ ते १० यांच्या दरम्यान असावे, असे अनुभवास आले आहे. १ पेक्षा कमी असल्यास श्यानता थेंबास सुटूच देत नाही. १० पेक्षा फार अधिक असल्यास मुख्य थेंबामागे लहान उपथेंब निर्माण होऊन नक्षीच्या कडा मलिन होतात.

उदाहरण घेऊ. छिद्राचा व्यास ३० मायक्रॉन धरला, तर २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यासाठी हे व्यस्तमूल्य सुमारे ४६ येते. अर्थात्‌ निव्वळ पाण्यात रंग विरघळवून शाई होत नाही. श्यानता १० सेंटिपॉइज, पृष्ठताण दर सेंटिमीटरला ३५ डाइन आणि घनता १.०५ ठेवल्यास तेच मूल्य सुमारे ३.३ वर येते. श्यानता वाढविण्यासाठी ग्लिसरॉल, डायएथिलीन ग्लायकॉल यांसारखे द्रव घालावे लागतात, आणि पृष्ठताण उतरविण्यासाठी अल्प प्रमाणात पृष्ठक्रियाशील द्रव्य.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावी. प्रयोगशाळेत कड्याच्या साहाय्याने आपण मोजतो तो स्थिर अवस्थेतील पृष्ठताण. थेंब जन्मास येतो तो मात्र काही दशक मायक्रोसेकंदांत. इतक्या अल्पावधीत नव्या पृष्ठभागापर्यंत पोहोचू न शकणारे द्रव्य मापनात कितीही प्रभावी दिसले, तरी नॉझलच्या तोंडाशी ते जणू नसतेच. म्हणून लहान व चपळ रेणूंची पृष्ठक्रियाशील द्रव्ये पसंत केली जातात.

२. सुताच्या अपेक्षा

थेंब व्यवस्थित पडला म्हणजे शाईचे अर्धेच काम झाले. टॉवेल हा धुतला जाणारा, किंबहुना सतत ओला राहणारा पदार्थ. त्यावरील रंग पाण्याने सुटता कामा नये. सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रंजक १९५४ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीत रॅटी व स्टीफन यांना साधले आणि १९५६ मध्ये ते बाजारात आले. रंगकामात ज्यांना रिॲक्टिव्ह रंग म्हणतात ते हेच विक्रियाशील रंजक होत. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाचे आणि १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी कृत्रिम रंजकांच्या रसायनशास्त्रावर जी ग्रंथमाला संपादित केली, तिचा १९७२ चा सहावा खंड याच रंजकांना वाहिलेला आहे.

या रंजकाच्या रेणूत दोन भाग असतात : रंग देणारा आणि विक्रिया करणारा. मोनोक्लोरोट्रायझीन वर्गात विक्रिया करणारा भाग म्हणजे क्लोरीन धारण करणारे ट्रायझीन वलय. अल्कलीच्या सान्निध्यात सेल्युलोजाचे काही हायड्रॉक्सिल गट ऋणभारित होतात. ते क्लोरीनला दूर सारून त्या जागी स्वतः जोडले जातात. रंजक आणि सूत यांचा जो संयोग होतो तो या बंधामुळे.

परंतु पाण्याचा रेणूही हेच काम करू शकतो. पाण्याने क्लोरीनची जागा घेतली, म्हणजे जलीय विच्छेदन झाले, की तो रंजक सुताशी बंध जोडण्यास कायमचा असमर्थ ठरतो. आणि शाईत पाणी तर निम्म्याहून अधिक असते. जी विक्रिया कापडावर हवी तिचीच जुळी बहीण बाटलीत घडत राहते, आणि जे अल्कली पहिलीला चालना देते तेच दुसरीलाही देते. इंकजेट शाईच्या घटकयोजनेतील मूळ पेच हा आहे.

हा बिघाड फसवाही आहे. विच्छेदित रंजकाचा रंग मूळ रंजकासारखाच राहतो. बाटलीतील शाई डोळ्यांना बदललेली दिसत नाही आणि वर्णपटमापकही तो भेद सहसा दाखवीत नाही. छापलेला टॉवेलही प्रथमदर्शनी उत्तम दिसतो. धुलाईत मात्र विच्छेदित रंजक सुटून पाण्यात येतो आणि सुताविषयीची त्याची स्वाभाविक ओढ शिल्लक असल्यामुळे शेजारच्या पांढऱ्या भागावर जाऊन बसतो. पाचवा हिस्सा रंजक असा निकामी झालेला असेल, तर छटा तेवढी फिकी पडते आणि पांढरी जमीन मळते. कारखानदाराला हे कळते ते माल परत आल्यावर.

३. पेचाची सोडवणूक

या पेचावरील उपाय साधा आहे : अल्कली शाईत न घालता कापडावर घालावे. छपाईपूर्वी कापडास सोडियम बायकार्बोनेट, यूरिया व सोडियम अल्जिनेट यांचा विद्राव देऊन ते वाळवितात, त्यावर छपाई करून सुमारे १०२ अंशांच्या वाफेत ८ ते १० मिनिटे ठेवतात, नंतर धुतात. बायकार्बोनेट सौम्य असल्याने छपाईपर्यंत निरुपद्रवी राहते आणि वाफेच्या उष्णतेने त्याचे कार्बोनेट होऊन आवश्यक तेवढी अल्कधर्मिता उत्पन्न होते. यूरिया ओलावा धरून ठेवतो व रंजक विरघळण्यास साहाय्य करतो. अल्जिनेट थेंबाला धाग्याधाग्याने पसरू देत नाही. त्याऐवजी स्वस्त स्टार्च का चालत नाही, असा प्रश्न विचारला जातो. स्टार्च हे सेल्युलोजाचेच भावंड असल्याने रंजक त्याच्याशीच संयोग पावतो आणि धुलाईत दोघेही निघून जातात. अल्जिनेटातील ऋणभारित कार्बॉक्सिल गट मात्र ऋणभारित रंजकास दूर ठेवतात.

अशा रीतीने छपाईच्या जुन्या खळीत जे घटक एकत्र नांदत असत, त्यांची येथे फाळणी होते. काही कापडाकडे जातात, काही शाईकडे. शाईच्या वाट्याला सामान्यतः पुढील घटक येतात : रंजक शेकडा ५ ते १५, आर्द्रताधारक द्रव १० ते ३०, पृष्ठक्रियाशील द्रव्य १ पेक्षा कमी, उभयप्रतिरोधी लवण व जंतुनाशक प्रत्येकी अर्ध्याहून कमी, आणि उरलेले निर्लवण पाणी.

यातील उभयप्रतिरोधी लवणाचे महत्त्व त्याच्या प्रमाणावरून ठरवू नये. विच्छेदनात हायड्रोक्लोरिक अम्ल निर्माण होते. त्याने पीएच मूल्य उतरते. आणि अम्लधर्मी स्थितीतही ट्रायझीन वलयाचे विच्छेदन त्वरेने होते. म्हणजे बिघाडच बिघाडाला खतपाणी घालतो. पीएच ७ ते ८ च्या आसपास रोखून धरणे हाच यावर उपाय.

बाजारी रंजकात मिठाचा किंवा सोडियम सल्फेटाचा भरणा असतो. रंगाच्या कढईत तो उपकारक, शाईत मात्र घातक. कारण लवणाने रंजकाची विद्राव्यता घटते आणि क्लोराइडाने मुद्रणशीर्षातील धातूचे भाग झिजतात. म्हणून पटलातून गाळून रंजक निर्लवण करावा लागतो. त्यानंतर सूक्ष्म गाळणी व विरघळलेली हवा काढून टाकणे हे दोन संस्कार अपरिहार्य आहेत. हवेचा एखादा बुडबुडा नॉझलमागे अडकला, तर स्फटिकाचा सारा धक्का तोच शोषून घेतो.

४. टॉवेलाचे गणित

टेरी टॉवेलावर लूप उभे असतात. छपाईसाठी सहसा एका बाजूचे लूप कातरून मखमलीसारखा पृष्ठभाग करतात. येथे शाईच्या परिमाणाचा हिशेब उद्‌बोधक ठरतो. ३० मायक्रॉन व्यासाच्या थेंबाचे आकारमान सुमारे १४ पिकोलिटर. एका इंचात ३६० ठिपके या घनतेने दर चौरस मीटरवर सुमारे २० कोटी थेंब पडतात, आणि त्यांची एकूण शाई होते अवघी २.८ मिलिलिटर. तीत शेकडा १० रंजक धरल्यास रंजक भरतो सुमारे ०.३ ग्रॅम. टॉवेलाचे वजन चौरस मीटरला ४५० ग्रॅम असेल, तर हा रंजक कापडाच्या वजनाच्या शेकडा ०.०७ सुद्धा होत नाही. गडद छटेसाठी रंगकामात शेकडा ३ ते ४ रंजक वापरावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे अडचण ध्यानात येईल.

चार वेळा छपाई केली तरी ही तूट भरून निघत नाही. म्हणून रंजक संपूर्ण कापडात न मुरता लुपांच्या टोकांशीच थांबला पाहिजे. केशाकर्षणाने द्रव किती खोल जाईल, हे १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी दिलेल्या समीकरणाने कळते : पृष्ठताण अधिक तर खोली अधिक, श्यानता अधिक तर खोली कमी, आणि काळ वाढेल तशी ती त्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. परंतु श्यानता व पृष्ठताण ही दोन्ही नॉझलने आधीच ठरवून टाकलेली असतात. तेव्हा ही जबाबदारीही कापडावरील अल्जिनेटाकडेच येते. शाईचा विचार कापडाच्या पूर्वसंस्कारापासून वेगळा करता येत नाही, ही गोष्ट टॉवेल जितकी स्पष्ट करतो तितकी पातळ कापड करीत नाही.

५. सोलापूरचे तीन विरोधक

शाईच्या पुस्तकी सूत्रात प्रयोगशाळेचे २५ अंश तापमान गृहीत असते. सोलापुरात वैशाखात पारा ४० अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून वर.

पहिला विरोधक ही उष्णता. २० अंशांवरून ४० अंशांवर जाताना पाण्याची श्यानता सुमारे एकतृतीयांशाने घटते, तर ग्लिसरॉलची १,४०० सेंटिपॉइजवरून जवळजवळ पंचमांशावर येते. म्हणून श्यानतेसाठी सर्वस्वी ग्लिसरॉलवर विसंबलेली शाई तापमानाला अधिक हळवी असते. मुद्रणशीर्षात तापमान स्थिर राखण्याची जी योजना असते ती बहुधा तापविण्याची असते, थंड करण्याची नव्हे. याहून गंभीर परिणाम साठवणीतील शाईवर होतो. दर १० अंशांस विक्रियेचा वेग दुप्पट होतो हा ढोबळ नियम लावला, तर २५ अंशांवर वर्षभर टिकणारी शाई ४२ अंशांवर चार महिन्यांच्या आतच तेवढी बिघडेल.

दुसरा विरोधक कोरडी हवा. उन्हाळ्यात नॉझलच्या तोंडाशी पाणी झपाट्याने उडते व रंजकाचा पापुद्रा धरतो. आर्द्रताधारक वाढविल्यास तो टळतो, पण श्यानता वाढते आणि कापडावर शाई वाळण्यास वेळ लागून नक्षी पसरते.

तिसरा विरोधक कठीण पाणी. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे असतात. सोडियम अल्जिनेटाशी कॅल्शियमचा संयोग झाला, की अविद्राव्य कॅल्शियम अल्जिनेटाच्या गुठळ्या होतात. अल्जिनेटाच्या पातळ विद्रावात कॅल्शियम क्लोराइडाचा थेंब टाकून कोणीही विद्यार्थी ही क्रिया पाहू शकेल. म्हणून पूर्वसंस्काराच्या विद्रावासाठी मृदू केलेले पाणी घ्यावे, अथवा सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटासारखे कॅल्शियम बांधून ठेवणारे द्रव्य आधी घालावे. रंगकाम करणाऱ्यास ही खबरदारी नवी नाही; पण शाईचे शास्त्र शिकताना ती विसरली जाते.

६. रंगकणांच्या शाईचा पर्याय

येथे कोणी विचारील की, इतक्या खटाटोपाऐवजी न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई का वापरू नये? तीत वाफ नाही, धुलाई नाही. छापून सुमारे १५० अंशांवर तापविले की काम झाले. पाण्याची टंचाई नेहमी सोसणाऱ्या जिल्ह्यात हा मुद्दा हलका मानता येणार नाही. परंतु रंगकणास सुताविषयी ओढ नसते. त्यास बांधून ठेवण्यासाठी बहुवारिकाचे बंधकद्रव्य लागते, आणि ते सुतावर पातळ पापुद्रा धरते. पडद्यास किंवा अभ्ऱ्यास हे चालेल. टॉवेलाचे मात्र कामच पाणी टिपण्याचे. ज्या छपाईने लूप ताठर होतात व पाणी टिपणे मंदावते, ती टॉवेलाच्या उपयोगालाच बाधा आणते. म्हणून या वस्तूपुरता विक्रियाशील रंजकाचाच मार्ग अधिक योग्य, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मात्र त्या मार्गाची किंमतही मोजली पाहिजे. जो रंजक बद्ध होत नाही तो व सर्व यूरिया धुलाईच्या पाण्यात जातो. जाळीच्या छपाईत उरलेली खळ फेकावी लागते. ती नासाडी इंकजेटमध्ये टळते, परंतु धुलाई टळत नाही. बद्धता वाढविणे आणि यूरिया कमी करणे, हे संशोधनाचे विषय येथे केवळ गुणवत्तेचे नसून पाण्याचेही आहेत.

७. प्रयोगाची दिशा

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, शाईतील कोणताही घटक एकट्याने हलविता येत नाही. घटकांची बेरीज नेहमी शंभर असल्याने एक वाढविला की दुसरा घटतोच. म्हणून ‘एका वेळी एक बदल’ ही आपल्या अंगवळणी पडलेली प्रयोगपद्धती येथे दिशाभूल करते. मिश्रणांच्या प्रयोगांसाठी शेफे यांनी १९५८ मध्ये मांडलेली आराखड्याची पद्धती अधिक उपयुक्त आहे. पाणी, ग्लिसरॉल व ग्लायकॉल हे तीन घटक त्रिकोणाच्या तीन शिरांवर मानून ठरावीक बिंदूंवर मिश्रणे करावीत, आणि प्रत्येकाची श्यानता २५ व ४० अशा दोन्ही अंशांवर मोजावी. याला ऑस्टवाल्डचा श्यानतामापक व तापस्थापी पुरेसा आहे.

विच्छेदनाची परीक्षा मात्र रंगाच्या मापनावर सोडू नये. शाईचे नमुने ४० अंशांवर ठेवून दर पंधरवड्यास वर्णलेखनाने विच्छेदित व अविच्छेदित रंजक वेगळे करून मोजावेत. त्याबरोबरच त्याच शाईने छापलेला तुकडा वाफवून, धुऊन, धुण्यापूर्वीच्या व नंतरच्या छटेची तुलना करावी. पहिली परीक्षा कारण सांगते, दुसरी परिणाम. दोन्हींचा मेळ बसला तरच निष्कर्ष विश्वसनीय मानावा.

बाहेरून आलेल्या शाईचे सूत्र आपणास ठाऊक नसते, आणि ते जाणून घेण्याचा हट्टही धरण्याचे कारण नाही. आपल्या उन्हात ती किती दिवस टिकते, आपल्या पाण्यात केलेल्या पूर्वसंस्कारावर ती किती बद्ध होते, आणि आपल्या टॉवेलाचे पाणी टिपणे ती किती राखते, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या सोलापूरला हवी आहेत तेथेच ती शोधणे सर्वांत सोयीचे आहे. त्यासाठी लागणारी साधने विभागाच्या आवाक्यातील आहेत.